मागच्या दाराचं गिऱ्हाईक

३ मार्च

आज पाटी लागली. 'नेल्डाचं स्वयंपाकघर. प्रसंगासाठी तयार जेवण.' रॉयसने स्वतः रंगवली. फळीवर जागा संपल्यामुळे 'जेवण' त्याने खालच्या कोपऱ्यात कोंबलंय. मी म्हटलं, आधी मोजून घ्यायचं होतं. तो म्हणाला, "हं." एकतीस वर्षांच्या संसारात हा माणूस 'हं'च्या पुढे फारसा गेलेला नाही.

प्रसंग म्हणजे कोणता, हे हार्लो काउंटीत कुणाला सांगायला नको. लग्नाला इथे केकचा तुकडा आणि सरबत देऊन लोकांना वाटेला लावतात. पोटभर जेवण मिळतं ते मयताला. डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत पहिली शेजारीण ओव्हनचं भांडं घेऊन पायरीवर हजर असते. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर नाव. भांडं परत मिळावं म्हणून, असं म्हणतात. मी मात्र भांडी उलटून बघणाऱ्या बायकाच जास्त पाहिल्यात.

माझा विचार साधा आहे. निम्म्या बायका आता कोंबड्यांच्या कारखान्यात, शाळेत, नाहीतर कोर्टात कामाला जातात. त्यांना वेळ नाही आणि मला हात आहे. कोर्टासमोरच्या चौकात आपलं घर, पुढची खोली रिकामी. यात न चालण्यासारखं काय आहे?

सासूबाईंनी काठी टेकत येऊन पाटी वाचली. "मयताच्या घरी विकतचं अन्न," त्या म्हणाल्या. "आमच्यात असं करत नाहीत."

आमच्यात! मी शेजारच्या टुल काउंटीतून या घरात आले, अंतर अकरा मैल. तरी त्यांच्या लेखी मी अजून पाहुणीच. फोनवर माझा विषय निघाला की 'रॉयसची बायको'. मीही त्यांना 'मिस व्हर्डी' म्हणते, कारण दुसरं काही म्हण असं त्यांनी कधी सुचवलं नाही.

इथे लिहून ठेवते, कारण कुणी वाचणार नाही. मला या धंद्यातून बंगला बांधायचा नाही. या काउंटीतल्या एका तरी बाईने चारचौघांत म्हणावं, 'हे नेल्डाच्या हातचं आहे.' एकदाच म्हणावं. मग मी सुखाने मरेन, आणि माझ्या मयताला कुणी काय आणायचं ते आणो.

६ मार्च

तीन दिवसांत तीन माणसं आली. एकाला कोर्टाचा रस्ता हवा होता, जे समोर आहे. एकीला पडद्याचं कापड कुठून आणलं ते विचारायचं होतं. तिसरे आमच्या चर्चचे पाद्री, ब्रदर डेलमार. त्यांनी दुकानाला आशीर्वाद दिला आणि तो देता देता भरलेली चार अंडी खाल्ली.

९ मार्च

पहाटे म्हातारे कॉय स्ट्रिकलंड गेले. वाईट झालं. तरी सकाळी सातला मी एप्रन बांधून तयार होते. माझा चीज-भोपळा केला: पिवळा भोपळा, कांदा, चीज, वर खाऱ्या बिस्किटांचा चुरा, काट्याने ओढलेल्या रेघा आणि चिमूटभर लाल तिखट. दोन मोठे ट्रे. मग खिडकीशी बसले. सगळ्या बायका समोरून किराणा दुकानाकडे गेल्या आणि पिशव्या भरून परत गेल्या. एकीनेही मान वळवली नाही. मान न वळवायला किती कष्ट पडत होते ते मात्र मला दिसत होतं.

सासूबाई दुपारभर फोनवर होत्या. फोनची वायर दाराखालून ओढून खोलीत नेतात आणि कुजबुजतात. मी आत गेले तर म्हणाल्या, "हवेचं बोलतोय."

रात्री आम्ही भोपळा खाल्ला. उद्याही भोपळाच आहे. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घालून बराच वेळ घोळवला आणि म्हणाल्या, "मीठ बरंय." बरंय! कुत्र्याला हाड टाकावं तसं म्हणाल्या.

११ मार्च

पहिलं गिऱ्हाईक! पण कसं आलं ते लिहायलाच हवं.

दुपारी मागच्या दाराला बोटाच्या नखाने खरवडल्याचा आवाज आला. मला वाटलं, मांजर. उघडून बघते तर एडिथ मोबली. चर्चच्या गायनवृंदाची प्रमुख. जिच्या चीज-भोपळ्याचं नाव सगळीकडे घेतात ती एडिथ. हातात धुण्याची टोपली, वर टॉवेल. टॉवेलाखाली तिचं काचेचं भांडं, बुडाला 'एडिथ मोबली'.

ती म्हणाली, ओव्हनचा काटा बिघडलाय, नाहीतर तिने स्वतःच केला असता. भांडं भरून हवंय. मी म्हटलं, पुढच्या दाराने यायचंस की. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला अंतर्वस्त्रांत चौक ओलांडायला सांगतेय.

"आणि वरून जरा वेडावाकडा कर गं," ती जाताना म्हणाली. "माझ्यासारखा दिसायला हवा."

मी तो वेडावाकडा केला. माझ्या धंद्याची पहिली ऑर्डर, आणि ती बिघडवून द्यायची.

२१ मार्च

दहा दिवसांत सात बायका आल्या, सगळ्या मागून. एकीचं मनगट मुरगळलंय, एकीचा नातू तापलाय, ओव्हन तर इतक्या जणींचे बिघडलेत की काउंटीवर काही रोग पडलाय की काय असं वाटावं. प्रत्येकीचं आपलं भांडं, आपलं नाव. गाड्या गॅसच्या टाकीआड लावतात. पुढच्या दारावरच्या घंटीला कोळ्याने जाळं विणलंय.

आज तर कहर झाला. एडिथ ओट्याशी उभी, आणि दाराला पुन्हा खरवड. विनोना गँडी! या दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी आणि तेव्हापासूनच्या वैरिणी. एडिथ इकडेतिकडे बघते आणि सरळ कोठीच्या खोलीत शिरते. मग विनोना वीस मिनिटं तिच्या मनगटाची कथा सांगते. मध्येच कोठीतून रताळी गडगडल्याचा आवाज.

"काय आहे तिथे?" विनोना म्हणाली.

"उंदीर," मी म्हटलं.

"मोठा दिसतो," विनोना म्हणाली आणि दाराखालून दिसणाऱ्या बुटांकडे बघून अगदी गोड हसली. एकमेकींचं एकमेकींना कळलं. पण कुणी कुणाला काही बोलणार नाही. इथे गोष्ट बोलली नाही की ती घडलेली नसते.

एक कोडं मात्र मला सुटत नाही. मी जाहिरात केली ती पुढच्या दाराची. मागच्या दाराचं यांना सुचवलं कुणी? सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांना काय ठाऊक, त्या दिवसभर खोलीत असतात. ते खरंच आहे. खोलीत आणि फोनवर.

१७ एप्रिल

आमच्या चर्चचे डीकन, म्हणजे मंडळीतले वडीलधारे, लँड्रम गेले. मोठा माणूस, मोठं मयत, तीन काउंट्यांतून माणसं येणार. सकाळी आठपासून मागच्या दाराला खरवड लागलीय. नऊ भांडी! आणि नऊजणींना हवाय चीज-भोपळाच.

मी प्रत्येकीला सुचवून पाहिलं. भाजलेली कोंबडी घे, रताळ्याचं गोड घे, घेवडा घे. प्रत्येकीचं उत्तर तेच, की लोक तिच्या भोपळ्याची वाट बघत असतात. मला सांगता येईना की बाई गं, तुझ्याआधी पाचजणींनी तोच मागितलाय. मागच्या दाराचं मागच्या दारातच राहायला हवं, नाहीतर धंदा संपला. त्यात वेळ इतका कमी की वेडावाकडा करायलाही सवड नाही. मोठ्या पातेल्यात एकच मिश्रण केलं, नऊ भांड्यांत ओतलं, नऊ वेळा काट्याने रेघा ओढल्या. मग म्हटलं, आपणही शेजारी आहोत, आपलं नको का? दहावं माझं. बुडाला चिकटपट्टी लावून ठसठशीत लिहिलं: 'नेल्डा टॅकेट'.

सासूबाई दारात उभ्या राहून मोजत होत्या. "दहा," एवढंच म्हणाल्या. त्यांचे खांदे हलत होते. थंडी वाजत असावी.

१८ एप्रिल

झोपायच्या आत लिहून टाकते.

लँड्रमांच्या लांब टेबलावर दहा चीज-भोपळे एका ओळीत. सख्खी भावंडं फोटोला उभी केल्यासारखे. तेच चीज, त्याच रेघा, तेच तिखट. ब्रदर डेलमारनी प्रार्थना म्हटली, डोळे उघडले आणि टेबलाकडे पाहत राहिले. मग त्यांनी डोळे पुन्हा मिटले आणि आणखी थोडी प्रार्थना केली.

सगळ्यांना दिसत होतं. बोललं कुणी नाही. विनोनाने एडिथचा घेतला आणि म्हणाली, तुझ्या हाताला तोड नाही. एडिथने विनोनाचा घेतला आणि म्हणाली, कांदा कसा विरघळतो गं तुझा. नऊजणी एकमेकींचा वाढून घेत होत्या. माझ्या भांड्यातून कोपऱ्यातला एक चमचा गेलेला. तो घेणारी, गायनवृंदातली एक वयस्कर बाई, शेजारणीला म्हणाली, "देव तिचं भलं करो, नेल्डा प्रयत्न करते हो. पण एडिथची चव ती एडिथची."

एकच पातेलं होतं! एकच!

मी तोंड उघडलं. आज सगळं बाहेर काढायचंच, असं ठरवून उघडलं. तेवढ्यात लँड्रमबाई, काळ्या कपड्यातल्या, डोळे सुजलेल्या, ताटली पुढे करून म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काही नाही. मला एडिथचा थोडा वाढतेस, नेल्डा?"

मी वाढला. काय करणार? मयताच्या घरी आपली रड काढायची नसते. रॉयसला ठसका लागला, तो बाहेर गेला. तो ट्रकच्या मागे उभा राहून हसत होता. डीकनच्या मयताला! त्याच्याशी मी अजून बोललेली नाही. अर्थात त्याला ते कळलंय की नाही, कुणास ठाऊक.

२० एप्रिल

मागच्या दारावर कागद लावला: 'हे दार बंद आहे. गिऱ्हाइकांनी पुढून यावं.'

सासूबाई म्हणाल्या, काढ तो. मी म्हटलं, का काढू? नऊ घरांची अब्रू माझ्या पातेल्यातून निघाली आणि नाव एकाही भांड्यावर माझं नाही. माझ्या स्वतःच्या भांड्यावर होतं, तर ते कुणी खाल्लं नाही.

"भांड्यावर नाव असतं ते भांडं घरी यावं म्हणून," त्या म्हणाल्या. "जेवणाला नाव नसतं, मुली."

यांना बोलायला काय जातंय? त्यांच्या काळी त्यांच्या हातच्या फळांच्या पाय-पेस्ट्रीवर लोक जीव टाकायचे. ज्याचं पोट भरलेलं त्याने उपासाचं महत्त्व सांगावं, तसलं हे. मी कागदाला आणखी दोन खिळे ठोकले.

२ मे

बारा दिवस, दोन्ही दारं शांत. मधल्या काळात कुणी गेलंही नाही. माणसं नको तेव्हा मरतात आणि हवी तेव्हा ठणठणीत असतात. हे लिहिल्याची लाज वाटतेय, पण खोडत नाही.

विनोना चौकात दिसली. मान न वळवता गेली. मनगट बरं दिसत होतं.

५ मे

सासूबाईंना धाप लागतेय. डॉक्टर रॉयसला व्हरांड्यात घेऊन गेले आणि बराच वेळ टोपी हातात धरून बोलले. रॉयस आत आला तो सरळ कोठीत जाऊन उभा राहिला, रताळ्यांकडे बघत. मी त्याच्याजवळ गेले. त्याचा हात धरला.

त्या मात्र फोन सोडत नाहीत. उशीला टेकून, हातात पेन्सिल, मांडीवर यादी. बोलता बोलता धाप लागते, थांबतात, पुन्हा नंबर फिरवतात. एकदा मी सूप घेऊन गेले तर कुणाला तरी दटावत होत्या, "नाही जमत म्हणजे? शीक. चार दिवस आहेत अजून." मला बघून फोन ठेवला. म्हणे हवेचं बोलत होत्या.

७ मे

आज मनाला लागलं ते लिहून मोकळी होते.

त्यांना केळ्याचं पुडिंग भरवत होते. दोन चमचे खाल्ले. मग माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "माझ्या वेळेला या घरात तुझ्या हातचं काही नको. एक घाससुद्धा. कबूल कर."

मी कबूल केलं. काय बोलणार, त्यांना श्वास पुरत नव्हता. मग स्वयंपाकघरात जाऊन ओव्हन घासला, तो स्वच्छ असूनही. एकतीस वर्षं या बाईला मी जेवू घातलं. जाता जाता एवढंच मागावंसं वाटलं त्यांना, की टुलकडच्या पोरीचं अन्न आपल्या मयताला नको. आमच्यात तसं करत नाहीत ना.

रॉयसला सांगितलं. तो म्हणाला, "हं." पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

९ मे

सकाळी सहाला गेल्या. रॉयस जवळ होता, मी जवळ होते. शेवटी पुडिंगची वाटी कुठे गेली म्हणून विचारत होत्या.

११ मे

परवा दोनच ओळी लिहिल्या, उरलेलं आज लिहिते.

परवा सात वाजताच पुढच्या दाराची घंटी वाजली. इतक्या दिवसांनी वाजली की मला आधी कळेचना काय वाजतंय. उघडलं तर एडिथ. पुढच्या पायरीवर, चौकाच्या तोंडासमोर, हातात भांडं, बोटाला पट्टी. तिच्या मागे विनोना, दोन्ही मनगटांना पट्ट्या, आणि या वेळी खऱ्या. त्यांच्या मागे रांग. कोळ्याचं जाळं एडिथच्या केसांत अडकलं होतं, पण तिचे हात भरलेले. मीच ते काढलं.

टेबल भरलं. मी कबूल केल्याप्रमाणे चमच्यालासुद्धा हात लावला नाही. नुसती भिंतीशी बसले, सून म्हणून बसावं लागतं तशी, आणि जेवण बघत राहिले.

असलं जेवण या काउंटीत कुणी पाहिलं नसेल. विनोनाची कोंबडी बाहेरून कोळसा, आतून गुलाबी. कुणाची तरी जेली घट्टच झाली नव्हती. तिच्यातलं किसलेलं गाजर तळाशी जाऊन बसलेलं, वर अननस तरंगतोय. पाय-पेस्ट्रीचं बूड ताटलीला धरून बसलेलं. ब्रदर डेलमारनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी श्रद्धा दिसली ती व्यासपीठावरही कधी दिसली नव्हती. रॉयसने सगळ्यातलं थोडं थोडं खाल्लं, 'हं' म्हणाला आणि लागोपाठ तीन पेले गोड चहा प्यायला.

लँड्रमबाईंनी एडिथचा चीज-भोपळा तोंडात घातला. चावायच्या थांबल्या. इकडेतिकडे बघून कसाबसा गिळला.

"एडिथ," त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला काय झालं गं?"

एडिथ मानेपासून कपाळापर्यंत लाल झाली. मला वाटलं, आता ओव्हनचा काटा निघणार.

"काही झालं नाही. माझा हात हाच आहे," एडिथ म्हणाली, आणि गाताना लावते तसा खडा आवाज लावून म्हणाली, "तुमच्याकडे खाल्लात तो नेल्डाच्या हातचा होता. माझाही, विनोनाचाही. सगळेच."

विनोना म्हणाली, "मी तर मार्चपासून घरी ओव्हन पेटवलेला नाही." मग एकेक करून बाकीच्याही बोलल्या, प्रार्थनासभेत उभं राहून पापं सांगावीत तशा.

तर हेच मला हवं होतं, चारचौघांत, माझ्या नावासकट. आणि मला काहीच वाटेना. मी एवढंच विचारलं, मग आज हे सगळं घरी का केलंत? मी नसतं केलं, पण गावातल्या हॉटेलातून मागवता आलं असतं.

एडिथ माझ्याशेजारी येऊन बसली. "मिस व्हर्डीचा हुकूम," ती म्हणाली. "पहिल्यांदा त्यांनीच फोन केला होता मला, मार्चमध्ये. म्हणाल्या, कॉयच्या मयताला तू तो खारट लगदा नेलास, आता पुरे. त्यांच्या घरच्यांना आठवडाभर जेवण जायचंय, ते नेल्डाकडून ने. मागच्या दाराने जा, पुढून गेलीस तर उद्या तू लाजेने जाणं सोडशील. एकेकीला फोन केले त्यांनी. आणि गेल्या आठवड्यात पुन्हा केले. म्हणाल्या, माझ्या वेळेला मात्र सगळ्यांनी आपापल्या हातांनी शिजवा. जळो, कच्चं राहो, पण शिजवा. काउंटीतल्या सगळ्या मयतांना ती चुलीपाशी उभी राहिली. माझ्या दिवशी आमच्या नेल्डाला बसू द्या."

आमच्या नेल्डाला.

मग मी रडले. मयताच्या घरी सुनेने रडावं हे रीतीला धरूनच आहे, पण मी रीतीने रडत नव्हते. नाक गळेपर्यंत रडले आणि मध्येच हसायला लागले, कारण माझ्या डोळ्यांसमोर त्या आल्या, उशीला टेकून, पेन्सिल हातात, आपल्याच मयताला इतकं वाईट जेवण मिळावं म्हणून धाप लागेपर्यंत फोन फिरवणाऱ्या. आणि दहा भोपळे मोजताना हलणारे ते खांदे. म्हणे थंडी वाजत होती.

रॉयस समोर येऊन उभा राहिला. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

तो म्हणाला, "हं." मग म्हणाला, "तिने सांगू नको म्हटलं होतं. आणि मला एवढं सगळं बोलायला जमलंही नसतं."

लँड्रमबाईंनी माझ्यासाठी ताट वाढून आणलं. एडिथ म्हणाली, नको खाऊस गं, मीठ दोनदा पडलंय, मला माहितीये. मी पहिला घास घेतला. मीठ दोनदा नाही, तीनदा पडलं असावं. चीज करपलं होतं आणि भोपळा कच्चा होता.

मी ताट संपवलं आणि पुन्हा वाढून घेतलं.